व्हीस्विचडीला मारण्याआधी त्याला विचारा

ओपन व्हीस्विच (ओव्हीएस), म्हणजे व्हर्च्युअल मशीन्सना जोडणारा सॉफ्टवेअर स्विच, सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला इतक्या वेळा पुढे दिला गेलाय की आता तो नियमच वाटायला लागलाय. तो असा: व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क रुसलं की ओव्हीएस-व्हीस्विचडी हा डिमन, म्हणजे त्या स्विचचं काम पार्श्वभूमीत चालवणारा प्रोग्राम, रीस्टार्ट करा. कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये असतं, काही हरवत नाही. मधल्या काळात कर्नल पॅकेट्स पाठवत राहतो, कुणाला कळतही नाही. सीपीयू १०० टक्के दिसला तर डिमन अडकलाच समजा. तरीही शंका असेल तर ब्रिजवर (ओव्हीएसमधल्या व्हर्च्युअल स्विचवर) पॅकेट्स टिपणारं टीसीपीडम्प लावा. तिथे पॅकेट दिसलं नाही म्हणजे ते आलंच नाही.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

"काही हरवत नाही." डेटाबेसमध्ये काय असतं? ब्रिज, पोर्ट, व्हीएलएएन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्क्स) टॅग, बाँड (जोडून एक केलेले पोर्ट), कंट्रोलरचा (स्विचला नियम पाठवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता. हे ओव्हीएसडीबी-सर्व्हर नावाचा वेगळा डिमन सांभाळतो आणि ते डिस्कवर असतं. ओपनफ्लोचे नियम, म्हणजे कुठल्या पॅकेटचं काय करायचं ते, मात्र तिथे नसतात. ते व्हीस्विचडीच्या मेमरीत राहतात आणि प्रोसेसबरोबर जातात. ओव्हीएस-सीटीएल वापरून रीस्टार्ट केलं तर ती स्क्रिप्ट नियम आधी उतरवून ठेवते आणि नंतर परत भरते. किल -९ मारून प्रोसेस जबरदस्तीने संपवलीत तर हे उपकार कुणी करत नाही.

मग पुढचं सगळं फेल-मोड या सेटिंगच्या हातात. तो सिक्युअर असेल तर टेबल रिकामं, आणि कुणीतरी नियम भरेपर्यंत सगळं ड्रॉप. स्टँडअलोन असेल आणि कंट्रोलर नसेल, तर ब्रिज साध्या लर्निंग स्विचसारखा वागायला लागतो. ज्या मशीन्सना एकमेकींपासून लांब ठेवायला तुम्ही हाताने नियम लिहिले होते, त्या आरामात बोलायला लागतात. नेटवर्क "सुरू झालं" म्हणून आपण खूश! मला हा दुसरा प्रकार जास्त भीतिदायक वाटतो, कारण त्याची तक्रार घेऊन कुणीच येत नाही.

नियमांशिवाय आणखी एक गोष्ट जाते: शिकलेल्या मॅक पत्त्यांचं टेबल, म्हणजे कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर आहे त्याची नोंद. एका ठिकाणी एक मशीन दिवसातून चार-पाचदा गायब व्हायचं. प्रत्येक वेळी रीस्टार्ट, प्रत्येक वेळी "झालं नीट", आणि दोन तासांनी पुन्हा तेच. शेवटी रीस्टार्टचा मोह आवरून चालू डिमनला प्रश्न विचारणाऱ्या ओव्हीएस-ॲपसीटीएलने एफडीबी/शो चालवलं, म्हणजे तेच टेबल बघितलं. मॅक पोर्ट ५ वर. काही सेकंदांनी पुन्हा चालवलं: तोच मॅक पोर्ट ९ वर, वय शून्य, म्हणजे नोंद आत्ताचीच. कुणीतरी मशीन क्लोन करताना मॅक बदलायला विसरलं होतं. दुसरं मशीन बहुतेक वेळ गप्प असायचं, म्हणून रीस्टार्टनंतर सगळं ठीक भासायचं. एफडीबी/स्टॅट्स-शोमध्ये पोर्ट बदलल्याचा आकडा दिसतो; तो चढत असेल तर दुहेरी मॅक किंवा लूप शोधा. ओव्हीएसमध्ये लूप टाळणारा एसटीपी मुळात बंदच असतो, तेव्हा लूप अगदी सहज होतो. आणि आम्ही ज्या टेबलात उत्तर होतं तेच दर वेळी स्वतःच्या हाताने पुसत होतो.

"कर्नल पाठवत राहतो." हो, पण जे त्याला आधीच ठाऊक आहे तेवढंच. कर्नलमधल्या डेटापाथकडे, म्हणजे पॅकेट्स प्रत्यक्ष हलवणाऱ्या भागाकडे, फक्त कॅशे असतो. ओळखीचं पॅकेट तो परस्पर पाठवतो, अनोळखी पॅकेट वर व्हीस्विचडीकडे सरकवतो. वर कुणी नसेल तर ते तिथेच संपतं. म्हणून डिमन बंद असताना जुनी कनेक्शन्स बहुधा चालू राहतात आणि नवी जुळत नाहीत. ज्याची एसएसएच विंडो आधीपासून उघडी आहे तो छातीठोकपणे सांगतो, नेटवर्क उत्तम आहे. ओव्हीएस-डीपीसीटीएल शोमध्ये हिट, मिस्ड, लॉस्ट असे आकडे येतात. लॉस्ट म्हणजे वर जायला निघालेली पण न पोचलेली पॅकेट्स. ही चैनसुद्धा फक्त कर्नल डेटापाथवाल्यांना. डीपीडीके (कर्नलला वगळून पॅकेट्स हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर पॅकेट्स हलवतो तो व्हीस्विचडी स्वतःच. तो थांबला की सगळंच थांबलं.

"सीपीयू १०० टक्के म्हणजे अडकला." डीपीडीकेवर नाही. तिथले पॅकेट्स हलवणारे पीएमडी थ्रेड मुळात पॅकेटची वाट बघत झोपत नाहीत, सतत पोल करत राहतात. रिकाम्या स्विचवरही तो कोअर भरलेला दिसणारच. खरा भार पीएमडी-स्टॅट्स-शोमध्ये बघा, तिथे रिकाम्या आणि कामाच्या सायकल्स वेगळ्या मोजलेल्या असतात. कर्नल डेटापाथ असेल तर टॉपमध्ये थ्रेड उघडून बघा. हँडलर (अनोळखी पॅकेट्स हाताळणारे थ्रेड) तापले असतील तर नवे फ्लो धो धो येताहेत: कुणी पोर्ट स्कॅन करतंय, किंवा तुमच्याच नियमांनी टीसीपी पोर्टपर्यंत जुळणी मागितल्यामुळे प्रत्येक कनेक्शनला कॅशेत वेगळी नोंद लागतेय. रीव्हॅलिडेटर (कॅशेतल्या नोंदी पुन्हा तपासणारे थ्रेड) तापले असतील तर अपकॉल/शोमध्ये फ्लोंची, म्हणजे त्या नोंदींची, संख्या आणि मर्यादा बघा. मूळ मर्यादा २,००,००० असते, पण फ्लो तपासायला फार वेळ लागायला लागला की डिमन ती आपणहून खाली आणतो.

जाता जाता, कॉन्फिगरेशन बदलणारी ओव्हीएस-व्हीएससीटीएलची कमांड लटकली म्हणून डेटाबेस खराब झाला असं समजू नका. बदल व्हीस्विचडीने लागू करेपर्यंत ती थांबून राहते, म्हणजे तो बहुतेक चालूच नाही.

"ब्रिजवर दिसलं नाही म्हणजे आलंच नाही." ब्रिजच्या नावाचा जो इंटरफेस दिसतो तो ब्रिजचा एक पोर्ट आहे, सगळ्या रहदारीवरचा झरोका नव्हे. पोर्ट ३ वरून पोर्ट ४ ला जाणारं युनिकास्ट पॅकेट तिथे दिसायचं कारणच नाही. डीपीडीकेच्या पोर्टवर तर साधा टीसीपीडम्प चालत नाही. त्यासाठी ओव्हीएस-टीसीपीडम्प आहे, तो तात्पुरता मिरर (रहदारीची प्रत) उभा करतो.

आणि पॅकेट आलं पण पुढे गेलं नाही, तर का, हे टीसीपीडम्प सांगणार नाही. तिथे ऑफप्रोटो/ट्रेस लागतो. त्याला ब्रिज, आत येणारा पोर्ट, दोन्ही मॅक आणि व्हीएलएएन द्या. खरं पॅकेट न पाठवता तो एकेका टेबलातून वाट काढत जातो आणि कुठला नियम लागला ते दाखवतो. शेवटच्या ओळीत "ड्रॉप" दिसलं की दोन-चार ओळी वर जा. बऱ्याचदा तिथे सरळ लिहिलेलं असतं: व्हीएलएएन २० चं टॅग असलेलं पॅकेट व्हीएलएएन १० च्या ॲक्सेस पोर्टवर आलं, म्हणून टाकून दिलं. हा डिमन दहादा रीस्टार्ट केलात तरी अकराव्यांदा तेच करेल.