नाकाची कड

गेले चार महिने मी एकच चेहरा रंगवतेय. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरची 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग', म्हणजे मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी. परवा घरी आलेले एक काका कॅनव्हास बघून म्हणाले, "छान जमतंय गं, पण कॉपीच ना? स्वतःचं काहीतरी काढ की." तेव्हा मी चहा टाकायला आत गेले. उत्तर आता लिहितेय, कारण चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे ऐकावं लागतं.

मूळ चित्र साधारण १६६५ चं, नेदरलँड्समधल्या द हेग शहराच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं. उंची ४४.५ सेंटिमीटर, रुंदी ३९. मी तेवढाच कॅनव्हास घेतला. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात टर्पेंटाइन घालून पातळ अंडरपेंटिंग, म्हणजे अगदी खालचा थर केला, तो वाळल्यावर वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत नेलं. (हा क्रम उलटा झाला की पुढे रंगाला भेगा पडतात.) इथवर ठीक होतं. अडलं नाकापाशी.

नाक म्हटल्यावर मी त्याची कड काढली. चेहरा एकदम कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. कड मऊ केली, रंग बदलला, फडक्याने पुसून पुन्हा काढली. तीन रविवार यात गेले. चौथ्या रविवारी मूळ चित्राची प्रिंट उलटी धरून भिंगातून पाहिली, तर तिथे कडच नव्हती! नाकाचा उजेडातला उतार आणि पलीकडचा गाल एकाच रंगात एकमेकांत मिसळलेत. अलीकडची सावली बघून नाक आपणच पुरं करतो.

समोर कुणाला बसवून रंगवलं असतं, तर ती कड मी बिनदिक्कत काढली असती आणि चुकतंय कुठे हे कळलंही नसतं. नक्कल करताना आपला हात दर इंचाला ताडून बघता येतो. मला कॉपीची किंमत वाटते ती यासाठी.

मोत्याचंही तेच. वर पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचं धूसर प्रतिबिंब, बस. कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही. संग्रहालयाने २०१८ मध्ये चित्राची कसून तपासणी केली, त्यातही ती सापडली नाही. सापडल्या त्या बारीक पापण्या, आणि मागे हिरवा पडदा! काळ्यावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचा ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) होता, तो साडेतीनशे वर्षांत विटून गेला. मग मी काय रंगवू, आज दिसतं ते की व्हर्मीरने रंगवलं ते? दोन दिवस विचार करून शेवटी काळ्यावर पातळ हिरवा ग्लेझ दिला.

नकला मोठ्यांनीही केल्यात. फ्लेमिश चित्रकार रुबेन्स १६२८ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नाव झालेला चित्रकार होता. तिथे बसून त्याने आधीच्या काळातल्या इटालियन चित्रकार टिशियनच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातलं 'आदम आणि ईव्ह' मूळ चित्रासोबत आजही माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात आहे. रुबेन्सने त्यात लाल पोपट जास्तीचा घातलाय. त्या वयात, त्या कीर्तीनंतरही त्याला टिशियनपुढे शिकायला बसावंसं वाटलं, याने मला फार धीर येतो.

नक्कल स्वतःची म्हणून खपवणं मात्र मला अजिबात मान्य नाही. माझ्या कॅनव्हासच्या मागे 'व्हर्मीरवरून' असं पहिल्याच दिवशी लिहिलंय.

आता ओठ राहिलेत. ओठांच्या कोपऱ्यात एक इवलासा फिकट गुलाबी ठिपका आहे, त्यानेच ते ओलसर दिसतात. उद्या सकाळी खिडकीत उजेड आला की तो लावणार आहे.