पाच वर्षांनी बटण दाबलं की झालं? – ‘जुना इंदूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नाव न देता ‘जुना इंदूरकर’ एवढीच सही केलीत, म्हणून काका म्हणते. ‘शहरातल्या वॉर्डालाही ग्रामसभेसारखी सभा हवी’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंदूर चकाचक झालं ते अधिकाऱ्यांच्या शिस्तीमुळे, घोषणांमुळे नाही, रिगल चौकात झेंडे घेऊन उभी असतात ती तीच ती माणसं आणि त्यांच्यापायी बाकीचे जाममध्ये अडकतात, नगरसेवक पसंत नसेल तर पाच वर्षांनी पाडा, बाकी सगळी नौटंकी. तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर मीही हात आखडता घेत नाही.

आधी ते पाच वर्षांचं बघू. आपल्या महापालिकेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली आणि निवडणूक झाली 2022 च्या जुलैमध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटनेत स्वच्छ लिहिलंय. आधी कोरोना, मग आरक्षणाचा घोळ, आणि शेवटी 10 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं ‘निवडणुका जाहीर करा’ म्हणून सांगितलं तेव्हा कुठे गाडं हललं. तोवर 85 वॉर्डांत एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हातात. पाडायचं म्हटलं तरी पाडणार कोणाला?

तुम्ही म्हणाल, त्याच काळात स्वच्छतेत आपण देशात पहिले आलो. आलोच. पण ते काय फक्त अधिकाऱ्यांनी केलं? पहाटे रस्ते झाडणारी माणसं आहेत, आणि ओला-सुका वेगळा, पुढे तर सहा प्रकारचा कचरा वेगळा करून गाडीचं गाणं ऐकू आलं की धावत खाली जाणारी घरं आहेत. लाखो लोकांनी रोज न चुकता केलेलं ते काम आहे. मला खटकतं ते वेगळंच. कचऱ्याच्या डब्याशी आपला सहभाग हवा असतो, पण गल्लीतला रस्ता तिसऱ्यांदा का खणताय हे विचारायला कुठे बसायचं, ते कोणी सांगत नाही.

आणि घोषणांनी काही होत नाही हे तुम्ही लिहावं, याचं नवल वाटलं. तुम्ही जुने इंदूरकर, म्हणजे 1970 पाहिलं असणार. यशवंतसागर आणि बिलावली हे तलाव पुरेनात, तेव्हा ‘नर्मदा आणा’ म्हणून हे शहर रस्त्यावर उतरलं होतं. सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून पाणी आणणं हा वेडेपणा आहे असं म्हणणारे तेव्हाही होतेच. 1978 मध्ये नर्मदा नळाला आली. आज तुम्ही जो चहा पिता, त्याचं पाणी जलूदहून येतं, आणि जलूद आहे नर्मदाकाठच्या निमाडात.

त्याच निमाडातले, नर्मदेवरच्या धरणांत गावं बुडालेले लोक भोपाळला किंवा इंदूरला धरणं द्यायला आले की आपल्याला वाहतूक आठवते. मला हे बोचतं. ते काही जगावेगळं मागत नव्हते. नर्मदा पाणीतंटा लवादाचा 1979 चा निवाडा आहे: जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि बुडिताच्या आधी पुनर्वसन. तो अमलात आणा, एवढंच. ओंकारेश्वर धरणाच्या बुडितातल्या घोघलगावचे लोक 2012 मध्ये सतरा दिवस पाण्यात उभे राहिले. पायाची कातडी सुटून आली होती, वर्तमानपत्रांत फोटो होते. त्यानंतर सरकारनं धरणाची पातळी खाली आणायचं आणि जमीन द्यायचं मान्य केलं. त्यांना मत होतं, आमदार होता, खासदार होता. तरी पाण्यात उभं राहावं लागलं.

आता तुमचं खरं आहे ते. ‘ज्ञापन सौंपा’, म्हणजे निवेदन दिलं की झालं, या संस्कृतीचा मलाही वीट आलाय. अकरा वाजता जमायचं, बॅनर धरायचं, तहसीलदाराच्या हातात कागद देताना फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी पान तीनवर बातमी, की सगळे मोकळे. रुग्णवाहिका अडवणाऱ्यांची बाजू तर मी कधीच घेणार नाही. आणि 1970 बद्दलही एक तक्रार आहेच: पाइपलाइन आली, पण पाणी कोणाला किती आणि कधी, हे नागरिकांसमोर ठरवायची जागा त्या आंदोलनानं मागे ठेवली नाही.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं नेमकं ते केलं. 1994 च्या डिसेंबरात कोट किराणा गावात त्यांनी पहिली जनसुनवाई, म्हणजे गावासमोरची जाहीर सुनावणी, घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं मिळवली आणि भर सभेत मोठ्यानं वाचून दाखवली. अमक्याला इतक्या दिवसांची मजुरी दिली, असं वाचलं की तो माणूस तिथेच उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, मागणी एकच, कागद दाखवा. त्यातूनच पुढे 2005 चा माहिती अधिकार आला, आणि रोजगार हमीच्या कायद्यात ग्रामसभेनं कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच हिशेब तपासायची तरतूद.

आपल्याकडे दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत होते ती जनसुनवाई पाहा. तिथे माणूस एकटा जातो, अर्ज देतो, अर्जावर शेरा पडतो आणि तो संबंधित विभागाकडे रवाना होतो. कोणाचं पेन्शनचं काम झालं तर चांगलंच आहे, मी नाक मुरडत नाही. पण कोट किराणात लोक एकत्र बसून ऐकत होते आणि हिशेब सरकारी कागदांना द्यावा लागत होता. इथे एकेकट्यानं अर्जदार व्हायचं.

‘परत बोलावण्याचा हक्क आपल्या राज्यात आहेच की’ असंही तुम्ही लिहिलंत. हो, ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’, म्हणजे नगराध्यक्षाला काढायचं की ठेवायचं यावरचं मतदान. 2001 मध्ये अनूपपूरला लोकांनी खरोखरच मतदान करून नगराध्यक्षांना घरी बसवलं. पण तो प्रस्ताव आणायचा कोणी? तीन चतुर्थांश नगरसेवकांनी. म्हणजे भांडण त्यांचं आपापसातलं, आपण फक्त शिक्का मारायला. यावर मी तुमच्याइतकी खूश नाही.

म्हणून मी सभेवर अडून बसले आहे. महूकडच्या एखाद्या छोट्या गावात 26 जानेवारी, 14 एप्रिल, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होते. कधी नावापुरती होते, कोरम भरत नाही, सरपंचपती माइक सोडत नाही, सगळं मान्य. पण तिथल्या मतदाराला उठून विचारायचा कायदेशीर हक्क आहे. आपल्या वॉर्डात 2011 च्या जनगणनेच्या हिशेबानं सरासरी तेवीस हजार माणसं, आणि असा हक्क शून्य. घटनेनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्यात मतदाराला खुर्ची नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी निपानिया, कनाडिया, लिंबोदी अशी आसपासची एकोणतीस गावं पालिकेत घेतली. त्या गावांना रस्ते मिळाले, टॉवर मिळाले, जमिनीचे भाव तर विचारू नका. ग्रामसभा मात्र त्याच दिवशी गेली, आणि तिची कोणाला आठवणही आली नाही, तिथल्या लोकांनाही नाही. याविरुद्ध रिगलवर कोणी उभं राहिलं, तर मी त्यांच्यात असेन, पदपथावर, वाहतूक न अडवता.

तुमच्या शेवटच्या ओळीत ‘घरी बसून लिहिणं सोपं’ असं आहे. ते राहू द्या. तुमच्या गल्लीत नुकतीच ड्रेनेजची लाइन टाकली, रस्ता तसाच उखडलेला आहे, असं तुम्हीच लिहिलंत. त्या कामाचं एस्टिमेट आणि बिल माहिती अधिकारात मागवा, फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. मसुदा मी पाठवते. कागद आले की तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चार लोकांसमोर वाचू, ठेकेदारालाही बोलवू. चहा माझ्याकडून.