बोल्ट आले, मशीन आली नाही

सोमवारी सकाळी साडेनऊला मरोळच्या ऑफिसात मी असेंब्ली, म्हणजे कॉम्प्युटरवर मशीनचे सगळे पार्ट जोडून दाखवणारी डिझाइनची फाइल, उघडली आणि स्क्रीनवर काही शे बोल्ट अधांतरी लटकलेले दिसले. नुसते बोल्ट. वर डोकं, खाली वॉशर, त्याखाली नट, आणि मधे जिथे प्लेट असायला हवी तिथे हवा. ओळीत मात्र एकही चुकला नव्हता. लग्न उरकल्यावर मंडपवाल्याने मंडप न्यावा आणि दिव्यांच्या माळा तशाच हवेत सोडून जाव्यात, तसा देखावा.

मशीन बाटल्या भरायची. सुटे भाग दोन हजारांच्या वर. अकराला पार्टी येणार होती आणि साहेब त्यांना हीच मशीन मोठ्या टीव्हीवर फिरवून फिरवून दाखवणार होते.

आमच्या धंद्याबाहेरच्या लोकांना वाटतं की असेंब्लीच्या फाइलमध्ये मशीन असते. तसं नसतं. तिच्यात असते यादी: कुठला पार्ट, तो कुठल्या फोल्डरात राहतो, कुणाला चिकटून बसायचा. पार्ट आपापल्या फायलींत, आपापल्या घरी. निमंत्रणाची यादी हातात आहे म्हणून पंगत बसत नाही. पाहुणे यावे लागतात आणि त्यासाठी पत्ते बरोबर लागतात.

पत्ते बदलले कुणी, हे मला ठाऊक होतं. मीच.

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं होतं आणि मला सफाईची सुरसुरी आली. सर्व्हरवर ‘फायनल’ नावाचा फोल्डर, त्यात ‘फायनल नवीन’, त्यात ‘फायनल नवीन साहेब ओके’, आणि त्याच्याही पोटात ‘साहेब ओके नंतरचे बदल’. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांच्या आत ठेवावा लागतो. आमचे पत्ते त्या रेषेला नाक लावून उभे होते. मी बाह्या सरसावल्या. कट, पेस्ट, नवं नाव. कट, पेस्ट, नवं नाव. अडीचपर्यंत सर्व्हर दिवाळीतल्या माळ्यासारखा लख्ख. स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. असेंब्लीला कुणी काही कळवलं नाही.

खरं म्हणजे हे मला तरी समजायला हवं होतं. परळची आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हापासून आम्ही कांजूरला भाड्याने राहतो. आधारवर पत्ता परळचा, गॅसचं पुस्तक परळचं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी होऊन 2018 पासून इतकी वर्षं झाली, तरी माझे वडील तिकीट एल्फिन्स्टनचंच मागतात, आणि खिडकीतला माणूसही निमूट देतो. माणसं अशी सांभाळून घेतात. सॉफ्टवेअरने का घ्यावं?

तरी आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, सॉलिडवर्क्स, बिचारं शोधतं हो. आधी बघतं, या नावाची फाइल मेमरीत उघडी आहे का. मग सेटिंगमध्ये दिलेल्या फोल्डरांत, असेंब्लीच्या आजूबाजूला, यादीतल्या जुन्या पत्त्यावर. कुठेच दार उघडलं नाही की मग आपल्याला विचारतं: फाइल सापडत नाही, तुम्ही शोधून देता का? पहिल्या दहा फायली मी अदबीने शोधून दिल्या. विसाव्याला दात-ओठ खाल्ले. तिसाव्याच्या आसपास गहाळ पार्ट सरसकट सप्रेस करून टाकले, म्हणजे यादीत ठेवून तात्पुरते बंद. बोल्ट तेवढे वाचले, कारण त्यांची लायब्ररी माझ्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर. तिथवर माझी सफाई पोचली नव्हती.

एवढ्यात शॉपफ्लोअरवरचे मामा वर आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “मशीन कुठं गेली?”

“शिफ्ट झालीय.”

मामांनी मान हलवली. मुंबईत या उत्तराला पुढचा प्रश्न नसतो.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता घाई होती. मधेच सॉलिडवर्क्सने विचारलं की ‘ब्रॅकेट-1’ नावाची एक फाइल आधीच उघडी आहे, तीच घेऊ का? मी न वाचता हो म्हटलं. शेजारच्या खिडकीत बिस्किटांचा कन्व्हेयर उघडा होता हे विसरलो. ‘ब्रॅकेट-1’ हे आमच्याकडचं सर्वांत लाडकं नाव. ज्याला काही सुचत नाही तो तेच ठेवतो. चाळीच्या चौकात उभं राहून “अहो जोशी” म्हणावं आणि पहिला जो बाहेर डोकावेल त्याला बोहल्यावर उभा करावा, तसा बिस्किटांचा ब्रॅकेट बाटल्यांच्या मशीनमध्ये येऊन बसला. स्क्रीनच्या डावीकडचं पार्टांच्या यादीचं झाड चुकांनी लालेलाल. ज्याला जे चिकटायचं होतं त्यातलं काहीच त्या ब्रॅकेटवर नव्हतं.

मामांच्या हातात खरा ब्रॅकेट होता, ड्रिलिंगहून आलेला, कडेला तेलाचा ओघळ. त्यावर पांढऱ्या मार्करने लिहिलं होतं: बाटली, डावा, खालून दुसरा. हे नाव मी बराच वेळ बघत राहिलो.

शेवटी आमचा डिप्लोमावाला शिकाऊ पोरगा आला. डबा ठेवला, खुर्ची ओढली आणि आधी सगळं बंद केलं, कन्व्हेयरसकट. मग ओपनच्या खिडकीत फाइल नुसती निवडली, उघडली नाही. खाली रेफरन्सेसचं बटण असतं, ते दाबलं. दोन हजार नावांची यादी, समोर जुने पत्ते. त्याने तिथेच नवे पत्ते भरले, उरलेल्यांसाठी माझे नवे फोल्डर सेटिंगमधल्या शोधयादीत टाकले, आणि मग कुठे उघडलं. बोल्टांखाली एकेक प्लेट येऊन बसली. पोरग्याने लगेच सगळं सेव्ह केलं, म्हणजे नवे पत्ते यादीत लिहिले गेले.

“सर, हलवायचंच होतं तर पॅक अँड गो करायचं ना,” तो म्हणाला. “पार्ट आणि पत्ते एकत्रच जातात.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. माहीत होतंच. शनिवारी आठवलं नव्हतं, इतकंच.

दहा पन्नास झाले होते. पार्टी सव्वाबाराला आली. साकीनाक्याला अडकली होती. साहेबांनी मशीन चार वेळा फिरवली, पार्टीने एक प्रश्न विचारला, तोही रंगाबद्दल.

जेवायला बसलो तर फोन. कुरियरवाला. “साहेब, परळला आलोय. पत्त्यावर बिल्डिंगच नाही. नुसता पत्रा लावलाय.”

“पत्ता बदललाय,” मी म्हटलं. “तू असं कर, आजूबाजूच्या फोल्डरमध्ये... म्हणजे, नाक्यावरच्या पानवाल्याकडे ठेव.”

“पानवाला कुठे गेला, साहेब?”

पोरगा समोर डबा खात होता. त्याने मान वर केली नाही, पण खांदे हलताना दिसले.