कंपाउंड धनुष्याला "जितका हलका बाण तितका चांगला"? तसं नाही भाऊ

तो मेसेज आपल्या भागातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरून राहिला ना, की कंपाउंडला (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मिळेल तेवढा हलका बाण लावा, स्पीड वाढते, स्पाइन (बाण किती वाकते त्याचं माप) पाहायची गरज नाही, नागपूरच्या ओजस देवतळेनं तसंच करून २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. जिंकली हे खरं, फायनलला १५० पैकी १५० मारले तेही खरं, बाकी कोणीतरी जोडून दिलं.

स्पीड वाढते, मान्य. पण बाण फारच हलका असला तर धनुष्याची ताकद बाणात न जाता लिंब (धनुष्याचे वाकणारे हात), कॅम (टोकाची चाकं) अन् केबलवर (चाकांना जोडणारी दोरी) येते, म्हणजे जवळपास बाण न लावता दोरी सोडल्यासारखंच, अन् मग लिंब तडकते. साधा हिशोब, धनुष्याच्या ओढीच्या एका पाउंडाला बाणाचं वजन कमीत कमी ५ ग्रेन, म्हणजे ५० पाउंडाला २५० ग्रेन, टोक-पिसं धरून सगळं (अंदाजे १६ ग्रॅम), अन् तुमच्या कंपनीनं जास्त सांगितलं असेल तर तेच धरा.

स्पाइन तर पाहाच. आकडा मोठा तितका बाण लवचिक, ५०० पेक्षा ४०० कडक. बाण लांब ठेवला किंवा टोक जड लावलं की तोच बाण सुटताना जास्त वाकते. म्हणून मित्राचे बाण उसने आणून ट्यूनिंग करत बसू नका बाप्पा!

पहिले कॅमचं टायमिंग (चाकं बरोबर जुळून फिरतात का), मग रेस्ट (बाण टेकवायची जागा), मग दोनेक मीटरवरून कागदातून बाण मारून फाट कशी पडते ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट हलवा.