नेटपाशी नुसती उभी नव्हती ती

बॅडमिंटनची मोठी स्पर्धा आली की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहतं. मिश्र दुहेरी म्हणजे एकेरीत ज्यांचं जमलं नाही त्यांची सोय. त्यातही खरा खेळ पुरुषाचा, बाई नेटपाशी उभी. चांगला जोडीदार मिळाला की पदकं आपोआप येतात. आणि फार पळावं लागत नाही म्हणून तिशी उलटली तरी चालून जातं. उदाहरणाला नाव घेतलं जातं इंडोनेशियाच्या लिलियाना नात्सिरचं. चार वेळा विश्वविजेती, ऑलिम्पिक सुवर्णपदक, ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेचा किताब सलग तीनदा. आणि वर शेरा, 'पण मिश्र दुहेरीतच ना?'

हा 'ना' फार स्वस्त आहे. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा एकेरीत न जमल्याचा. काही खेळाडू एकेरीकडून दुहेरीकडे वळतात, हे खरंच आहे. थायलंडची सॅपसिरी वरिष्ठ गटात बरीच वर्षं एकेरी खेळली आणि पुढे २०२१ मध्ये देचापोलबरोबर मिश्र दुहेरीत विश्वविजेती झाली. पण यावरून 'एकेरीत पडलेले सगळे इथे गोळा होतात' असं म्हणणं म्हणजे उगाच ताणणं झालं. इंडोनेशिया, चीन, कोरियात दुहेरी हे पहिल्यापासून वेगळं शिक्षण असतं. नात्सिर मूळची मनाडोची. प्राथमिक शाळा संपताच घर सोडून ती जकार्ताच्या तांगकास क्लबमध्ये आली आणि राष्ट्रीय शिबिरात दुहेरीची खेळाडू म्हणूनच घडली. महिला दुहेरीतही ती कच्ची नव्हती. विता मारिसाबरोबर तिने २००७ ची चायना मास्टर्स आणि २००८ ची इंडोनेशिया ओपन जिंकली. पहिली तर चीनमध्ये जाऊन, महिला दुहेरीवर चीनची पकड घट्ट असतानाच्या काळात.

बाकीच्यांचंही पाहा. चीनच्या झाओ युनलेईने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मिश्र आणि महिला अशी दोन्ही दुहेरीची सुवर्णपदकं एकाच स्पर्धेत घेतली. चीनच्याच गाओ लिंगने सिडनीत आणि अथेन्समध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलंच, शिवाय त्याच दोन ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरीचं अनुक्रमे कांस्य आणि रौप्यही नेलं. कोरियाच्या किम डाँग-मूनने १९९६ मध्ये मिश्र दुहेरीचं आणि २००४ मध्ये पुरुष दुहेरीचं सुवर्ण घेतलं. यांना 'सोय' कसली हवी होती?

सोय म्हणावी तर पैशाचीही नाही. जागतिक महासंघाच्या स्पर्धांत विजेत्या जोडीला मिळणारी एकत्रित रक्कम एकेरीच्या विजेत्यापेक्षा किंचितच जास्त असते आणि ती दोघांत वाटली जाते. म्हणजे किताब तोच, स्पर्धा तीच, हातात पडतं ते जवळजवळ निम्मं. मजकूर लिहिणाऱ्याने हा हिशेब केलेला दिसत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात लाडका, आणि सगळ्यात चुकीचा. 'बाई नेटपाशी उभी असते.'

असते. पण ती तिथे काय करते हे बघायला शटलवरची नजर काढून तिच्या रॅकेटवर ठेवावी लागते. मिश्र दुहेरीत हल्ला चालू असताना पुरुष मागे आणि बाई पुढे, ही नेहमीची मांडणी. दुहेरीचं कोर्ट ६.१ मीटर रुंद. पुढचा तो सगळा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकटीचा. मागचा जोडीदार स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरदार फटका, मारतो. समोरून शटल परत येतं ते बहुतेक वेळा नेटच्या वरून सपाट, किंवा नेटला चाटून. ते मधेच अडवायला तिच्याकडे क्षणाचाही छोटा तुकडा असतो. म्हणून रॅकेट नेटच्या उंचीच्या वर धरलेली, पकड आखूड, अंगठा मुठीवर टेकलेला, हात मागे न्यायचाच नाही; मनगटाचा नुसता झटका. हात मागे नेला की शटल गेलं. ते अडवलं की पॉइंट संपतो, किंवा समोरच्याला शटल उचलून द्यावं लागतं आणि मागच्या जोडीदाराला पुन्हा स्मॅश मिळतो. टीव्हीवर दिसतो तो स्मॅश. तो मारायची संधी कुणी तयार केली, हे रिप्लेमध्येही क्वचितच दाखवतात.

आता उलट बाजू. समोरचे हल्ला करतात तेव्हा त्यांचं पहिलं गिऱ्हाईक असते बाई. स्मॅश तिच्यावर. डेन्मार्कच्या मॅड्स पिलर कोल्डिंगने २०१७ च्या जानेवारीत भारतातल्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये मारलेला एक स्मॅश ताशी ४२६ किलोमीटर मोजला गेला. रॅकेटवरून सुटतानाचा वेग तो; पिसांमुळे शटल पुढे झपाट्याने मंदावतं, हे मान्य. तरीही मिश्र दुहेरीत या जातीचे फटके बाईला परतवावे लागतात, आणि नुसते परतवून भागत नाही. परतवायचे ते अशा जागी, की समोरच्याला दुसरा स्मॅश मारता येऊ नये. महिला दुहेरीत एवढ्या जोराचा फटका सहसा समोर येत नाही. एकेरीत तर नाहीच.

आणि सर्व्हिस! हा भाग मजकुरात कधीच नसतो, आणि मिश्र दुहेरीचे अर्धे पॉइंट तिथेच वळतात. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेषा बेसलाईनच्या ७६ सेंटिमीटर आत असते, त्यामुळे एकेरीसारखी उंच, खोल सर्व्हिस करून श्वास घ्यायची सोय नाही. बहुतेक सर्व्हिस आखूड, नेटला जेमतेम चुकवून. जरा वर गेली की समोरचा पुढे झेपावून ती तिथल्या तिथे ठोकतो. पुरुष सर्व्हिस करतो तेव्हा बाई त्याच्या पुढे उभी असते आणि तो मागून करतो, म्हणजे शटलचा प्रवास लांबतो आणि समोरच्याला जास्त वेळ मिळतो. बाईची सर्व्हिस जवळून येते, जास्त धारदार असते. सर्व्हिस घेण्यातही तीच गोष्ट. समोरचा पुरुष तिला मधूनच फ्लिक देतो, म्हणजे शटल झटक्यात डोक्यावरून मागे. तिला उलट्या पावलांनी उडी मारून ते मागच्या कोपऱ्यातून मारावं लागतं, जोडीदार धावत पुढे येतो आणि सगळी मांडणी उलटी होते. बाईला मागे ढकलणं हा प्रतिस्पर्ध्याचा ठरलेला डाव. तो हाणून पाडायचा तर तिला मागून ड्रॉप (नेटजवळ हलकेच टाकलेला फटका) आणि स्मॅश दोन्ही यायला हवेत, आणि लगेच पुन्हा पुढे शिरायची वेळ साधता यायला हवी. 'उभी असते' म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या पायांकडे बघावं.

नात्सिरचं वैशिष्ट्य नेमकं इथे होतं. तिच्या खेळात दणका कमी, अंदाज जबरदस्त. समोरचा कुठे मारणार हे तिला आधी कळायचं, निदान बघणाऱ्याला तसंच वाटायचं. स्मॅश तिचा नंतरचा जोडीदार तोंतोवी अहमदचे असायचे, रॅली कुठे न्यायची ते बऱ्याचदा ती ठरवायची.

तिसरा मुद्दा जोडीदाराच्या पुण्याईचा. या एका मुद्द्यावर नात्सिरची कारकीर्द इतकं सरळ उत्तर देते, की मजकूर लिहिणाऱ्याने तिचंच नाव का निवडलं हे मला कोडंच आहे. २००५ मध्ये अनाहाइमला आणि २००७ मध्ये क्वालालंपूरला ती विश्वविजेती झाली ती नोवा विदियांतोबरोबर. नोवा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. पहिल्या विजेतेपदाच्या वेळी ती वीस वर्षांचीही नव्हती, तेव्हा 'अनुभवी जोडीदाराने सांभाळून घेतलं' असं म्हणायला तिथे थोडी जागा आहे. मी ती नाकारत नाही. पण मग पुढचं काय? नोवाची कारकीर्द ओसरल्यावर २०१० पासून तिच्या जोडीला आला तोंतोवी अहमद. तिच्याहून वयाने लहान, मोठं नाव नसलेला. आता सांभाळून घेणारी ती होती. या जोडीने २०१२, २०१३, २०१४ अशी तीन वर्षं ऑल इंग्लंड जिंकली. त्याआधी मिश्र दुहेरीत इंडोनेशियाने ती जिंकली होती १९७९ साली. तीनपैकी शेवटच्या दोन फायनलमध्ये समोर झांग नान आणि झाओ युनलेई, म्हणजे लंडनचे ऑलिम्पिक विजेते. मग २०१३ मध्ये ग्वांगझूला, चिनी प्रेक्षकांसमोर, चीनच्याच शु चेन आणि मा जिनला तिसऱ्या गेममध्ये २२-२० असं हरवून जागतिक विजेतेपद. २०१७ मध्ये ग्लासगोला आणखी एक.

दोन जोडीदार, दोघांबरोबर दोन-दोन विश्वविजेतेपदं. शिवाय २००५ चं विजेतेपद जुन्या पद्धतीतलं होतं. तेव्हा सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच पॉइंट मिळायचा आणि गेम १५ चा असायचा. २००६ पासून दर रॅलीला पॉइंट आणि २१ चा गेम आला. खेळाची घडण बदलली, धीर धरून सर्व्हिस परत मिळवायचे दिवस गेले, सुरुवातीलाच दोन-तीन चुका महागात पडायला लागल्या. ती दोन्हींत जिंकली.

तिने जानेवारी २०१९ मध्ये निवृत्ती घेतल्यावर तोंतोवी विनी ओक्ताविना कांडोबरोबर खेळला. मोठा किताब पुन्हा हाती लागला नाही आणि २०२० मध्ये तोही थांबला. यावरून 'तोंतोवीच तिच्या पुण्याईवर जगला' असा उलटा मजकूर कुणी फिरवू नये, तोही तेवढाच अन्यायाचा होईल. जोडी बसायला वेळ लागतो, आणि त्याच्याकडे तो फार उरला नव्हता. पण 'चांगला जोडीदार मिळाला की पदकं आपोआप' हे मात्र दोन्हीकडून कोसळतं.

कुणी कुणी यात रिओ ऑलिम्पिकची पुरवणी जोडतो: २०१६ मध्ये चीन ढेपाळला म्हणून सुवर्ण सोपं गेलं. यावर फार वेळ घालवायला नको. सेमीफायनलमध्ये समोर गतविजेते झांग नान आणि झाओ युनलेई होते. निकाल २१-१६, २१-१५. चीन ढेपाळलेला दिसतो तो या निकालामुळे, आणि तो निकाल लावला नात्सिर-तोंतोवीनेच. फायनलला मलेशियाचे चान पेंग सून आणि गोह लिऊ यिंग, ज्यांनी दुसऱ्या सेमीफायनलमध्ये शु चेन-मा जिनला घरी पाठवलं होतं. ती फायनल २१-१४, २१-१२. पूर्ण स्पर्धेत नात्सिर-तोंतोवीने एकही गेम गमावला नाही. तारीख १७ ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. लंडनला बॅडमिंटनमध्ये एकही सुवर्ण न मिळाल्याची सल त्या देशाला चार वर्षं होतीच. नात्सिरची स्वतःची त्याहून जुनी. २००८ ला बीजिंगमध्ये नोवाबरोबर फायनल हरून रौप्य, २०१२ ला लंडनमध्ये पहिला गेम जिंकूनही सेमीफायनल गमावली, मग कांस्याची मॅचही गेली. तिसऱ्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेल्या सुवर्णाला 'सोपं' म्हणायला बराच धीटपणा लागतो.

राहिला वयाचा मुद्दा. दुहेरीत कोर्टचा अर्धाच भार असतो, म्हणून वय खपून जातं, असं म्हणतात. अंतर कमी धावावं लागतं हे खरं. पण फटक्यांमधला वेळही कमी असतो, आणि वयाबरोबर आधी जाते ती प्रतिक्रियेची चपळाई, दमसास नंतर. नेटपाशी खेळणाऱ्या खेळाडूचं तर सगळं त्या चपळाईवरच. अशा जागी ३१ व्या वर्षी, बत्तिशी गाठायला दोन आठवडेही उरले नसताना, नात्सिर ग्लासगोची फायनल खेळली. समोर झेंग सिवेई आणि चेन छिंगचेन, दोघंही विशीतले, अगदी वीस-वीस वर्षांचे. पहिला गेम १५-२१ असा गेला. पुढचे दोन २१-१६, २१-१५.

त्याच झेंगशी तिची शेवटची फायनल झाली, २०१९ च्या इंडोनेशिया मास्टर्समध्ये, जकार्ताच्या इस्तोरा सेनायान स्टेडियममध्ये. आता त्याच्या जोडीला हुआंग याछिओंग होती आणि ते गतवर्षीचे विश्वविजेते होते. नात्सिर ३३ वर्षांची. पहिला गेम तिने आणि तोंतोवीने घेतला, दुसरा दोन पॉइंटच्या फरकाने गेला, तिसऱ्यात ते हरले. झेंग आणि हुआंगने पुढे २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. त्यांच्यासमोर तिसऱ्या गेमपर्यंत टिकून ती थांबली, आणि तिला 'चालून गेलं' म्हणणारा मजकूर पुढच्या मोठ्या स्पर्धेला पुन्हा फिरेलच.