पानावरचा आकडा 40 च्या खाली आला म्हणून युरिया टाकू नका

गेल्या काही महिन्यांपासून कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांमध्ये एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: पान चिमट्यात धरून वापरायचे स्पॅड मीटर पिकातील नत्र मोजते, आकडा 40 च्या खाली आला तर एकरी एक पोते युरिया टाकावा, वर असेल तर पिकाला नत्र पुरेसे आहे, ड्रोनच्या छायाचित्रावरूनही हेच समजते, त्यामुळे माती परीक्षणाची गरज उरत नाही. हे मीटर मी स्वतः वापरतो आणि ते उपयोगी आहे असेच माझे मत आहे. म्हणूनच त्याच्या नावावर असा सल्ला दिला जातो, हे मला गप्प बसून पाहवत नाही.

मीटर नत्र मोजते, हे पहिले विधानच चुकीचे आहे. हे यंत्र पानातून दोन प्रकारचा प्रकाश आरपार पाठवते: 650 नॅनोमीटरचा तांबडा आणि 940 नॅनोमीटरचा अवरक्त. हरितद्रव्य तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते, अवरक्त जवळजवळ शोषतच नाही. या दोहोंच्या तुलनेतून एक आकडा निघतो आणि त्याला कोणतेही एकक नसते. म्हणजे मोजला जातो तो हिरवेपणा, तोही पानाच्या अवघ्या 2 बाय 3 मिलिमीटर तुकड्याचा. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात हे खरे. पण पानातील बहुतांश नत्र हरितद्रव्यात नसून प्रथिनांमध्ये असते. हिरवेपणावरून नत्राचा अंदाज बांधता येतो, परंतु तो अंदाज केव्हा चुकतो हे माहीत असल्याशिवाय त्याच्या जिवावर पोते फोडू नये.

आता 40 या आकड्याविषयी. जात, पिकाचे वय, पानाची जाडी, पाण्याचा ताण आणि मोजण्याची वेळ यांपैकी काहीही बदलले की आकडा बदलतो. त्यामुळे साऱ्या उसाला लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही. योग्य रीत तुलनेची आहे. त्याच शेतात, त्याच जातीच्या चार सऱ्यांना सुरुवातीपासून नत्र कमी पडू न देता वाढवावे आणि उरलेल्या शेताचा आकडा या चार सऱ्यांच्या पट्टीशी ताडून पाहावा. मक्यावरील कामातून आलेला ढोबळ नियम असा की, शेताचा आकडा पट्टीच्या 95 टक्क्यांच्या खाली गेला तर नत्र द्यावे. समजा, पट्टीत सरासरी 42 आली आणि शेतात 39, तर प्रमाण सुमारे 93 टक्के भरते आणि पिकाला नत्र हवे आहे असे म्हणता येते. दुसऱ्या शेतात पट्टीत 38 आणि बाकी ठिकाणी 37.5 आली, तर प्रमाण जवळपास 99 टक्के होते. तेथे आकडा 40 च्या खाली असूनही युरियाची गरज नाही. मोजतानाही वरून पहिले पूर्ण उघडलेले, सांधा दिसणारे पान घ्यावे, मधली शीर टाळून पानाच्या लांबीच्या मध्यावर चिमटा लावावा आणि किमान तीस ताटांची (उसांची) सरासरी काढावी. बांधावरच्या दोन पानांवरून शेताचा निर्णय होत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता, या समजुतीमुळे. शिरोळ तालुक्यातील एका खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, मला बोलावले होते. संदेशात सांगितल्याप्रमाणे मीटर लावून, आकडा कमी आला म्हणून, दोनदा युरिया दिलेला होता आणि ऊस तरीही पांढुरका पडत चालला होता. जवळ जाऊन पाहिले तर खालची जुनी पाने हिरवी होती, पोग्याजवळची, म्हणजे शेंड्याकडची, नवी पाने पिवळी होती आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उठून दिसत होत्या. नत्र झाडात फिरते. कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून नत्राचा पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह तसे हलत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते. आपल्याकडे तिला केवडा म्हणतात. काही ताटांवर हिराकसाचे, म्हणजे लोह असलेल्या फेरस सल्फेटचे, अर्धा टक्का द्रावण फवारून पाहिले, तेव्हा आठवडाभरात थेंब जिथे पडले होते नेमके तिथे हिरवे ठिपके उमटले. मीटरला हा फरक कळत नाही, कारण त्याच्यापुढे दोन्ही पाने सारखीच फिकी असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर पंचगंगाकाठी ऊस पिवळा पडला, तेव्हाही मुळांना हवा मिळत नव्हती. अशा वेळी आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागतो.

आकडा जास्त म्हणजे नत्र नेमके पुरेसे, हेही बरोबर नाही. एका मर्यादेनंतर झाड जास्तीचे नत्र साठवत राहते, पण हरितद्रव्य त्या प्रमाणात वाढत नाही. आपल्या भागातील खरा प्रश्न अनेक शेतांत कमतरतेचा नसून अतिरेकाचा आहे. ऊस लोळतो, साखरेचा उतारा घटतो, आणि मीटर मात्र तोच समाधानकारक आकडा दाखवत राहते. 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नत्र असते. सुरू हंगामातील, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या, उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, आणि त्यातला 40 टक्के हिस्सा मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला शेवटची भर लावताना, द्यायचा असतो. हा हिशेब ज्याने मांडलेला नाही, त्याने वरून आणखी एक पोते देण्याआधी तो मांडावा.

ड्रोनच्या चित्रावरून पिकाच्या हिरवेपणाचा जो निर्देशांक काढतात, त्यात जमीन किती झाकली आहे याचा वाटा मोठा असतो. सरीतली माती दिसते तोवर तो उगाच कमी येतो, आणि ऊस दाटला की तो वाढायचा थांबतो.

राहिले माती परीक्षण. शिरोळच्या त्या शेतकऱ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा माती अहवाल घरात पडून होता, आणि त्यात सामू (पीएच) व मुक्त चुनखडी दोन्ही जास्त असल्याची नोंद होती. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, आणि तिथला केवडा त्यातूनच आलेला होता.