मंगळवारी सकाळी अकरा वाजता गाडीवर कोण?

नमस्कार,

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या रेस्क्यू स्क्वॉडवर, म्हणजे बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवकांच्या अँब्युलन्स पथकावर, मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: 'घरामागे एवढा टॅक्स घेतात, आणि हाक मारली की शेजारचा अकाउंटंट धावत येणार! हा हौशी कारभार बंद करा, चोवीस तास पगारी माणसं ठेवा. आपल्याकडे 108 च्या गाडीत डॉक्टर तरी असतो.' तुमचा राग समजू शकते. पण 'हौशी' हा शब्द लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीत ईएमटीची, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीची प्राथमिक मदत देणाऱ्याची, परीक्षा पगारी आणि बिनपगारी माणसाला एकच आहे. आगीच्या बंबावर जाणाऱ्यांनाही 'फायरफायटर वन' हा पायाभूत कोर्स चुकत नाही, मग पगार असो वा नसो. राहिला डॉक्टर. इथे काम दोन टप्प्यांत चालतं. आम्ही ईएमटी रुग्णाला सांभाळतो. छातीत दुखतंय, श्वास अडकलाय असा कॉल असेल, तर रुग्णालयाचे दोन पॅरामेडिक, म्हणजे आमच्यापेक्षा जास्त प्रशिक्षण घेतलेले, वेगळ्या गाडीतून येतात आणि गरज पडली की डॉक्टरशी बोलून पुढचे उपचार करतात. 108 ची पद्धत वेगळी आहे, चांगली आहे, पण तिथल्या डॉक्टरलाही पाळ्या लावाव्याच लागतात.

खरी मेख आहे ती पाळ्यांमध्येच. आठवड्याचे तास 168. एक माणूस 42 तास काम करतो असं धरलं, तर गाडीतली एकच खुर्ची भरायला चार जण लागतात; रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून जवळजवळ पाच. पेटलेल्या घरात दोघांनी आत जायचं तर दोघे बाहेर सज्ज हवेत, असा इथे नियम आहे. म्हणजे बंबावर चार खुर्च्या, आणि एका बंबासाठी वीसेक पगारी माणसं. अँब्युलन्सला आणखी आठ-दहा. मोठ्या शहराला हे झेपतं. आमच्यासारख्या उपनगराला ते टॅक्समधूनच काढावं लागणार, आणि टॅक्सवर तर तुम्हीच चिडला आहात.

म्हणून आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अँब्युलन्सवर पगारी जोडी असते. त्या वेळात आम्ही सगळे न्यूयॉर्कच्या गाडीत नाहीतर ऑफिसात असतो. मंगळवारी सकाळी अकराला गावात सापडणार कोण? उरले 108 तास, दोन खुर्च्यांचे मिळून 216. आठवड्याला आठ-आठ तास देणारी 27 माणसं असली तर ते भरतात. आमच्याकडे तेवढी नाहीत.

इथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि लेखात मी त्यावरून घाईने पुढे गेले. देशभरातले बिनपगारी अग्निशामक 1984 मध्ये सुमारे 8,97,000 होते, 2020 मध्ये 6,77,000 उरले. प्रशिक्षण वाढलं, नवराबायको दोघेही नोकरीत, प्रवास लांबला. पाळी रिकामी राहिली की शेजारच्या गावची गाडी येते, आणि ती येईपर्यंतची मिनिटं रुग्णाच्या वाट्याला जातात.

तरीही शेजाऱ्याला मोडीत काढू नका. गेल्या हिवाळ्यात पहाटे पावणेतीनला कॉल आला. सोफ्यावर आजी, अंगावर शाल, पायात लोकरी मोजे. मुलगा माझ्या जोडीदाराला इंग्रजीत सांगत होता, 'ती घाबरली आहे.' आजी मात्र म्हणत होत्या, 'जीव घाबराघुबरा होतोय गं, जबडा भरून आलाय.' मी मनगट धरलं तर घामाने ओलंचिंब, खोलीत थंडी असताना. शब्दशः अर्थ पॅरामेडिकना सांगितला. त्यांनी ईसीजी काढला आणि गाडी थेट कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडायची सोय, असलेल्या रुग्णालयाकडे निघाली.

त्या रात्री मी पाळीवर होते, हा योगायोग. योगायोगावर व्यवस्था उभी राहत नाही हे मलाही कळतं. त्यामुळे शनिवार-रविवारीही दिवसा पगारी जोडी हवी, असं मी बजेटच्या बैठकीत बोलणार आहे. तुम्हीही या आणि टॅक्स किती वाढलेला चालेल ते तिथे सांगा, कारण तिथे विरोध करणारेच जास्त येतात.

आणि रविवार पहाटेच्या पाळीला गेले तीन महिने एक माणूस कमी आहे. कोर्सची फी तुम्हाला भरावी लागणार नाही, वेळ मात्र द्यावा लागेल. मंगळवारी रात्री दहानंतर मी स्टेशनवर असते.